अर्धा इंच

मुलांनो, कल्पना करा: तुम्ही सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसला आहात. शेजारच्या बाकावर एक शिंपीण, तिची सासू आणि दोघींच्या मधे पाच वर्षांची छकुली.

"तपासणीत छकुलीच्या पोटात गाठ दिसली, तर काढून का टाकत नाहीत गं?"

"आपोआप विरेलही म्हणतात, आई. वाढली तरच काढायची. तोवर नुसतं बघत राहायचं."

"म्हणून तू रोज टेप लावतेस? पोरगी आहे ती, झबलं नव्हे!"

"काय करू? काल पोट अर्धा इंच जास्त भरलं."

"अगं, जेवली होती ती."

"आज उपाशीपोटी मोजलं, आई. तेवढंच भरलं."

आतून हाक आली. छकुलीने श्वास रोखला, पोट पाठीला चिकटेल इतकं आत ओढलं आणि ती तशीच दारातून आत गेली.