ईशाचा लॅपटॉप

माझं म्हायेर आंदर मावळातलं, ताई, डोंगराच्या पार पायथ्याला. दिवसाला एक यष्टी, ती बी आली तर आली. शाळेला चालत जायचो, सातवीपर्यंत गेले, मग बंद. लगीन होऊन हितं पवनानगरला आले. सायलीचे पप्पा कामशेतला जीप चालवत्यात आन मी धरनाच्या काठाला तंबूंचा कँप हाय ना, तितं सैपाक करते, शनवार-रविवारी शंभर मानसांचं पिठलं, भाकरी, मटन, सगळं. हे का सांगते, तर त्या मशिनीतलं मला काय बी कळत नव्हतं, आजबी न्हाई कळत. कळत असतं तर, जाऊ द्या.

सायली एकुलती एक. आठवीत गेली तसं शाळेतनं रोज काय ना काय, हे टाईप करून आना, त्याची माहिती काढून आना. माझ्या मोबाईलवर करायची बिचारी, डोळं बारीक करून. म्हनली, आई, मला लॅपटॉप घे. आन खोटं कशाला बोलू, तिला गेमबी खेळायची व्हती, तिनं लपवलं न्हाई, म्हनली अभ्यास झाल्यावर एक तास, वर्गातल्या समद्या पोरी खेळत्यात, मलाच कुनी घेत न्हाई.

आमी तळेगावला दुकानात गेलो. दुकानदार चांगला मानूस, म्हनला, मावशी, नुसत्या अभ्यासाला पायजे तर हा साधा घ्या, पन ह्याच्यावर गेम चालनार न्हाई, अडकंल, तापंल, गेमला आत येगळं कार्ड लागतं आन ते आलं की किंमत दुप्पट. सायली त्या मोठ्याकडं बगत व्हती आन मी तिच्याकडं. मी म्हनलं, जुना घेतला तर? तो म्हनला, घ्या की, पन कुनाचा हाय, का देतोय, ते इचारून घ्या. त्यानं सांगितलं व्हतं, ताई. मीच इचारलं न्हाई.

कँपच्या पलीकडं पान्याला लागून एक बंगला हाय. पुन्याचे साहेब, एकटेच येऊन राहायचे, त्यांना मी जेवनाचा डबा द्यायची. बोलता बोलता लॅपटॉपचं निघालं. साहेब उठले, आतनं बॅग घेऊन आले, म्हनले, हा माझ्या मुलीचा, ईशाचा, न्या तुमच्या सायलीला, चांगला आहे, गेमही चालते. मी म्हनलं, साहेब, फुकट नको. म्हनले, मग दोन महिने डब्याचे पैसे घेऊ नका, झालं. मी इचारलं, ईशाताईंना नको का आता? म्हनले, ती गेली. मला वाटलं, शिकायला गेली, परदेशात, मोठी लोकं पाठवत्यात ना पोरींना. आन जाता जाता म्हनले, माझ्या मिसेसना मात्र कळू देऊ नका. माझ्या मनात पाल चुकचुकली, न्हाई असं न्हाई, पन सायलीचं तोंड डोळ्यापुढं आलं आन मी बॅग उचलली.

घरी आनून सुरू केला तर गेम आत आदीच व्हती. सायलीनं उघडली तसं वर नाव आलं, ईशा. आन लगीच टुंग टुंग टुंग, निरोप पडायला लागले. सायलीनं वाचून दाखवले. ईशा? तू? कुठे होतीस? ईशा, प्लीज सांग ना, खरंच तू आहेस? एकीनं नुसतंच रडनारं तोंड पाठवलेलं. मी म्हनलं, त्या पोरीच्या मैतरिनी दिसत्यात, सांग त्यांना मी न्हाई ती. सायली व्हय म्हनली. पन तिनं सांगितलं न्हाई. मागनं म्हनली, आई, माजी अशी वाट कुनीच बगितली नव्हती गं.

तिची शाळा चारला सुटायची, मी कँपवरनं सहाला यायची, मधला येळ ती एकटी. मला वाटलं, खेळती, खेळू दे. महिना गेला असंल. एक दिवस मला हाक मारली, मम्मा. मी हसले, म्हनलं, ही कुटली मम्मा? मग बोंबील खाईना, म्हनली, मला वास सहन होत नाही. काय सांगू तुमाला, बोंबलासाठी ताटावरनं भांडनारी पोर. मग केस कापले खांद्यापर्यंत, आपल्या आपन, आरशापुढं उभं राहून. बोलनं सगळं पुन्याचं झालं. शेजारीन म्हनली, कमल, तुज्या पोरीची चालबी बदलली गं. मी म्हनलं, वय हाय. मग निळा ड्रेस आला कुटनंतरी, अंगाला बरोब्बर बसनारा. कुनी दिला? तर म्हनली, मैतरिनीनं.

त्या दिवशी गुरुवार व्हता, कँप रिकामा, मी साडेचारलाच घरी आले. दार सताड उघडं, लॅपटॉप चालू, सायली न्हाई. पडद्यावर मराठीत लिवलेलं, मी एक एक अक्षर लावून वाचलं. ईशा बाळा, आज पाणी छान आहे. मी पायऱ्यांवर बसले आहे. निळा ड्रेस घालून ये. बाबांना सांगू नकोस. खाली नाव न्हाई, नुसतं, तुझी मम्मा.

कशी पळाले, मलाच ठावं न्हाई, पायात चप्पल नव्हती. बंगल्याच्या गेटवर वॉचमन भाऊ उभा. म्हनला, कमलताई, साहेबांच्या बाई आल्यात पुन्यावरनं, आन आत्ता माझ्या समोरनं ईशाताई आत गेली, निळ्या ड्रेसात. मी म्हनलं, ईशा तर शिकायला गेली ना? तो म्हनला, कुटली शिकायला, ह्याच पान्यात गेली, दोन वर्सं झाली, ह्याच पायऱ्यांवरनं.

बंगल्याच्या मागनं पायऱ्या थेट धरनात उतरत्यात. खाली दोगी उभ्या, पाठमोऱ्या, गुडघाभर पान्यात. बाईंनी सायलीचा हात धरलेला आन दुसऱ्या हातानं लांब मधी दाखवत व्हत्या कायतरी. वारा न्हाई, आवाज न्हाई. मी हाक मारली, सायले. ती वळली न्हाई. आनखी मारली. न्हाईच वळली. बाई वळल्या. हसल्या, ताई, घरात पाहुणा आल्यावर हसावं तसं, आन म्हनल्या, या ना, पाणी कोमट आहे. आन एक पायरी खाली उतरल्या. पानी सायलीच्या कमरेला लागलं.

मी लुगड्यासकट आत गेले आन तिचा दुसरा हात धरला. एक हात माझ्याकडं, एक बाईंकडं. मी म्हनलं, बाई, ही माजी हाय. त्या म्हनल्या, हो, मला माहितीय, थोडाच वेळ. शांत, जराबी चिडल्या न्हाईत. मी म्हनलं, न्हाई बाई, घटकाभर बी न्हाई. मला वाटलं, सोडत न्हाईत. मग त्यांनी एक एक बोट करून सोडलं. सायलीच्या मनगटावर नखं उमटलेली. घराच्या दारात आली तशी हमसून रडली, म्हनली, आई, त्या म्हनत व्हत्या, ईशा कुटवर गेली तेवढंच दाखवते.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, हात जोडून दारात उभे. म्हनले, ईशाची आई त्या गेममध्ये शिरून रोज ईशाच्या नावाकडं बघत बसायची, नाव पुन्हा चालू दिसलं तसे तिनंच सायलीला निरोप लिहिले, ड्रेसही ईशाचाच दिला, मला माहीत नव्हतं, मला ती वस्तू फक्त घरातून बाहेर काढायची होती. सायलीच्या पप्पांनी लॅपटॉप आनून त्यांच्या हातात दिला. मला बाईंचा राग धरवंना, मी बी आई हाय. मग आमी तळेगावचा तो साधाच घेतला, अडकनारा. सायली आता दहावीत, त्याच्यावरच अभ्यास करती, गेमचं नाव काढत न्हाई. केस वाढले. बोंबील खाती.

बाईंचं औषधपानी चालू हाय. रविवारी साहेब त्यांना कँपवर आनत्यात, मी भाकरी वाढते, त्या खाली मान घालून जेवत्यात, चांगलं झालंय म्हनत्यात. मी त्यांना हाकलू कशी? सायलीला मात्र मी त्या बाजूला फिरकू देत न्हाई, त्या दिवसापास्नं बाईंनी तिला बगितलेलं न्हाई, दीड वर्स झालं. पोर केवढी वाढली ह्या दीड वर्सात, माज्या वर गेली. परवाच्या रविवारी मी भाकरी वाढत व्हते, बाईंनी ताट सरकवलं, उभ्या राहिल्या, आन आपल्या भुवईपाशी हात आडवा धरून म्हनल्या, आता एवढी झाली असेल, नाही? बाईंचा हात माझ्या डोक्याच्या चार बोटं वर व्हता, घरी येऊन भिंतीवर तेवढ्यावर रेघ मारली आन सायलीला उभं करून बगितलं. बरोब्बर तेवढीच. देव त्या माऊलीच्या जिवाला शांती देवो, मी एवढंच म्हनते, आन दाराला कडी लावते.