शिंगं नसलेल्या माद्या

—नाही, आधी ती चिठ्ठी काढा तिथून. हो, तीच, 'चूक' लिहून डकवलीत ती. चित्राला डिंक लावतं का कुणी? दोन-दोन पदव्या आहेत म्हणे तुमच्याकडे, मॅडम—मग एवढं कळू नये? या संग्रहालयात येऊन तुम्हाला आठवडा नाही झाला. मी बावीस वर्षं आहे, या एकाच खोलीत. बर्फाच्या देशाची खोली. बाहेर चाळीस मुलं रांगेत उभी आहेत, तो कालवा ऐकू येतोय ना? ती काही तुमची चुकांची यादी बघायला नाही आलेली.

तक्रार आली, माहितेय मला. त्या पोरीची आई भेटली ना तुम्हाला? काय म्हणाली, मी मुलीला रडवलं? रडली, मग? सगळी कशी गप ऐकत होती—मी सांगत होते, तिथे हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही, तळी एवढी गोठतात की वरून गाड्या जातात, रेनडिअर पाळणारी माणसं बुटात वाळलेलं गवत कोंबायची, पाय गार पडू नयेत म्हणून. एकाने विचारलं, अंधारात शाळा असते का? असते म्हटलं, तुझी सुटका नाही! हसली सगळी. बर्फाच्या घमेल्यात हात घालायला लावते मी त्यांना, वीस आकडे होईपर्यंत—चौदाच्या पुढे कुणी टिकत नाही—ते आहे का तुमच्या यादीत? नसणारच. तर त्यात या पोरीचा हात वर. 'चित्र चुकलंय. रेनडिअरच्या माद्यांनापण शिंगं असतात.' खाली बस म्हटलं. बसेना. दप्तरात पुस्तकच घेऊन आली होती, बया! ते मी हिसकावलं—हिसकावलं नाही, घेतलं—आणि म्हटलं, तू गेली होतीस का तिथे? माझा भाऊ आहे तिथे.

हो, भाऊ. माझा दादा. हे चित्र त्यानेच रंगवलंय, एकवीस दिवस शिडीवर उभं राहून. मधला तो नर बघा, शिंगं छताला टेकलीत त्याची. आणि बाजूला या चार माद्या, बोडक्या डोक्याच्या. चित्र संपलं आणि गेला—त्याच देशात गेला, कळपांवर कामाला. बारा पत्रं आहेत त्याची, मला पाठ आहेत, आईला वाचता येत नाही ना, मीच वाचून दाखवायची. 'खिडकीतून कळप दिसतो, भर बर्फात नर शिंगं उगारून उभा आणि शेजारी माद्या, शिंगांशिवाय, अगदी मी रंगवल्या तशाच.' आता बोला! डोळ्यांनी बघणारा माणूस खरा, की तुमचं—

काय? थंडीत नरांची शिंगं गळतात आणि माद्यांचीच राहतात? माहितेय मला! मला शिकवू नका. नऊ वर्षं झाली मला कळून. खाली वाचनालयात फोटोंचं मोठं पुस्तक आलं, खोकं मीच फोडलं. उभ्या उभ्या वाचलं, दोनदा वाचलं. मग घरी जाऊन बारा पत्रं काढून बसले. सगळ्या पत्रांत जे या भिंतीवर आहे तेच. भिंतीवर नाही असं एक पाखरूसुद्धा नाही त्यात. पाकिटांवर टपालाची तिकिटं? ती कधी नव्हतीच. कुणीतरी येणाऱ्याच्या हाती पाठवतो, असं लिहायचा. पाकीट दाराखालून सरकवलेलं असायचं—म्हणजे बारा वेळा दारापर्यंत येऊन गेला असेल. दार नाही वाजवलं. का नाही वाजवलं ते मला विचारू नका, मला ठाऊक नाही. अकरा वर्षं झाली, पत्रही नाही. आणि असं बघू नका माझ्याकडे, मला नाही आवडत ते.

तर ऐका. आई दर महिन्याला येते इथे, त्या बाकावर बसते. तिचे गुडघे गेलेत, डोळे शाबूत आहेत. माद्या मोजते. 'चारच ना गं त्याच्या खिडकीतून दिसतात त्या?' चारच, म्हणते मी. 'आणि शिंगं नाहीत ना?' नाहीत. अख्ख्या गल्लीला सांगून झालंय तिचं, माझा मुलगा बर्फाच्या देशात आहे म्हणून. तुम्ही रंगवाला बोलावून त्यांना शिंगं काढलीत, तर तिला काय सांगू मी? तुम्ही सांगाल? या ना सोमवारी, ती येणार आहे, सांगा तिला समोर बसून.

त्या पोरीचं पुस्तक माझ्या खणात आहे, तिला द्या. तिचं बरोबर होतं म्हणावं. मी म्हणाले असं मात्र सांगू नका.

अहवालात काय लिहायचं ते लिहा. मला तिकीटखिडकीवर बसवा, नाहीतर घरी बसवा. पण आई आहे तोवर या माद्यांना शिंगं फुटायची नाहीत. व्हा आता बाजूला. मुलं खोळंबलीत.