खाडाखोड

बाई : ...आणि हे काय? ‘ती वळते, तो मिळतो.’ दोन अक्षरं. मान! हे तर डोळे मिटून भरलं असतं मी.

नवी : बाई, ते सुचायला माझा अख्खा रविवार गेला होता!

बाई : वाचकाचा नाही जाणार. पुढचं वाच.

नवी : ‘कोडं मागतं ते होकायंत्र दाखवतं.’ तीन अक्षरं.

बाई : उत्तर. गोड आहे गं.

नवी : कसं जमतं तुम्हाला? माझं वाचून संपायच्या आत तुमचं पेन चालू, तेही शाईचं! सगळं ऑफिस म्हणतं, बाईंच्या कागदावर कधी खाडाखोड दिसली नाही.

बाई : ऑफिसला काय, तोंड आहे. कोण, काका? दारात का उभे?

काका : उद्याचं पान अडलंय. शब्दकोड्याची चौकट रिकामी. संपादकसाहेब म्हणतात, बाई शनिवारी निवृत्त होणार. कोडं रचणारं दुसरं कुणी तयार नसेल, तर उद्यापासूनच तिथे साबणाची जाहिरात.

बाई : साबण? माझ्या चौकटीत?

काका : माझ्यावर डोळे कशाला वटारता? मी पान लावणारा माणूस. द्याल ते लावतो.

बाई : मग बसा घटकाभर. हिचं सोडवतेय.

काका : हिची आधीचीही सोडवलीत की. सगळी परत केलीत.

नवी : तेच तर मला कळत नाही, बाई. एकाही कोड्यात तुम्हाला खोडावं लागलं नाही. मला वाटलं, चोख जमलंय! घरी जाऊन आईला दाखवली मी ती. आणि छापायला तुम्ही एकही दिलं नाहीत.

बाई : पुढचं वाच.

नवी : आडवं. ‘कितीही पाहिली तरी दिसत नाही.’ दोन अक्षरं.

बाई : चव. लिहिलं. पुढे?

नवी : त्याच चौकोनापासून उभं. ‘आठवड्यात सात, तलवारीचा एकच पुरतो.’ दोन अक्षरं.

बाई : वार. वा... थांब. इथे तर मी ‘च’ लिहिलाय. ‘वा’ने सुरू होणारी, पाहिली तरी न दिसणारी... वाट! अगं बाई, वाट पाहतात तशी चवही पाहतात की!

नवी : चुकलंच माझं! एका जागी दोन उत्तरं बसली. आत्ता बदलते. काका, जाऊ नका हं, पाचच मिनिटं...

बाई : खबरदार हात लावलास तर!

(बाई ‘चव’वर काट मारतात. काका खुर्चीतून उठून कागदाजवळ येतात.)

काका : बाई, तुम्ही खोडलंत?

बाई : खोडलं. चांगली फसले. पोरी, तुझी आधीची कोडी चोख होती म्हणूनच परत केली. एकदाही खोडावं लागत नाही, ते कोडं म्हणजे नुसतं रकाने भरायचं काम. माझ्यासारखीला एकदा तरी तोंडावर पाडलं पाहिजे, आणि शेजारच्या शब्दाने लगेच हात देऊन उठवलं पाहिजे. तेव्हा ते छापायचं.

नवी : मग आधी का नाही सांगितलंत?

बाई : सांगितलं असतं तर तू मला पाडायलाच टपून बसली असतीस. आज पाडलंस आणि तुझं तुलाच कळलं नाही. फार आवडलं मला.

काका : म्हणजे साबण नको?

बाई : साबणाने साहेबांना हात धुवायला सांगा. अगं, कोरी प्रत दे काकांना.

नवी : पण बाई, अजून अर्धंअधिक राहिलंय. तेवढं तरी सोडवून बघा ना. चूक निघाली तर?

बाई : तू तपासलंयस?

नवी : पाठ होईपर्यंत.

बाई : मग झालं. उरलेलं मी उद्या सकाळी घरी सोडवीन. इतकी वर्षं पेपर उघडला की माझंच कोडं समोर, उत्तरं सगळी ठाऊक. लोकांना सकाळी सकाळी त्यात काय मजा येते, मला कधी कळलंच नाही गं.

नवी : मग हा उत्तरांचा कागद...

बाई : घडी घाल आणि पर्समध्ये ठेव. मला दिसता कामा नये.