खोडलेला परिच्छेद

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले, तुम्हीही हात पुसून घ्या. आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. खोटं बोलणं पाप, हे कुणीही सांगेल. शेंबडं पोरसुद्धा सांगेल, आणि सांगता सांगता ‘मी चिंचा नाही खाल्ल्या’ म्हणून खोटंही बोलेल! ते असू द्या. पण खरं लिहिलेलं खोडणं? ते काय? खोडणारा तर एक अक्षर खोटं बोलला नाही! नुसती रेघ मारली! मग त्याला पाप लागतं की नाही? बघा, पुढच्या रांगेत दोन माना हलल्या. एक उभी, एक आडवी! थांबा. आधी कथा ऐका, मग माना हलवा.

करंजमळा नावाचं गाव. द्राक्षाच्या मुलखातलं, पण बागा चार घरांच्या आणि बाकीचे त्या बागांत राबणारे. सातवीपर्यंत शाळा. शाळेत श्रीपती गुरुजी. वीस वर्षं एकाच शाळेत! माणूस सोन्यासारखा, बरं का. छडी कमी, माया जास्त. आणि गावात त्यांचा शब्द म्हणजे? लग्नाची पत्रिका छापायची, गुरुजी तपासणार. तलाठ्याला अर्ज द्यायचा, गुरुजी लिहिणार. ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, तो म्हणायचा, ‘गुरुजींनी बघितलंय न्हवं? मग झालं तर!’

या गुरुजींचा एका गोष्टीवर फार जीव होता. कशावर? निबंधावर! तालुक्याची निबंधस्पर्धा! दरवर्षी विषय यायचा विज्ञानाचा, आरोग्याचा, यंत्रांचा. आणि दरवर्षी निबंधाची सुरुवात एकच! सांगू? तुम्हालाही पाठ आहे! ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’ — हसताय काय? तुम्ही नाही लिहिलंत? मी लिहिलंय! सात पैकी पाच गुण मिळाले होते! निबंध कसा असावा, याचे गुरुजींचे नियम ठरलेले. सुरुवात भारदस्त, मध्ये एक सुविचार, आणि शेवट गोड. परीक्षकाच्या तोंडाला कडू लागता कामा नये!

त्या वर्षी विषय आला, ‘गोबरगॅस : एक वरदान’. निबंध लिहिला सातवीतल्या शालननं. शालन कोण? बाळाप्पाची मुलगी. बाळाप्पा चेअरमन आण्णांच्या मळ्यात राबणारा गडी. आई नाही, बाप आणि लेक, दोघंच. आणि चेअरमन आण्णा म्हणजे ज्यांच्या मळ्यात गावातली पहिली गोबरगॅसची टाकी, आणि जे शाळेतल्या निबंधवाचनाला अध्यक्ष! आता आलं लक्षात, कढी कुठं उतू जाणार ते?

शालननं काय केलं? टाकीबरोबर एक माहितीपत्रक आलं होतं. आण्णांच्या गोठ्यात, पेंडीच्या पोत्यावर पडलेलं. कुणी वाचलं नव्हतं. आपल्याकडं यंत्राबरोबर आलेला कागद वाचतंय कोण? त्याची पुडी होते शेंगदाण्याची! या पोरीनं ते आणलं आणि अथपासून इतीपर्यंत वाचलं. आणि निबंधाच्या शेवटी एक परिच्छेद लिहिला. काय लिहिलं? ऐका नीट —

‘टाकी उपसताना मात्र फार जपावे. झाकण काढले तरी आत विषारी वायू राहतो. आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, मग वास येणे बंद होते. वायू गेला असे माणसाला वाटते, पण तो गेलेला नसतो, आपले नाक बधिर झालेले असते. आधी टाकीत वारा सोडावा. कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणी उतरू नये. आणि आत कोणी पडला, तर त्याला काढायला दुसऱ्याने मुळीच उतरू नये.’

गुरुजींनी वाचलं. खरं आहे, हे त्यांना कळलं. ते काही अडाणी नव्हते! पण मनात काय आलं? अध्यक्ष कोण? आण्णा! विषय काय? वरदान! आणि भर सभेत ही पोर सांगणार, की आण्णांच्या टाकीत माणूस मरतो? शिवाय शेवट कडू! गुरुजींनी लाल पेन उचललं. एक रेघ, दुसरी रेघ, अख्खा परिच्छेद आडवा! आणि कडेला शब्द लिहिला, ‘विषयांतर’.

‘गुरुजी, पण हे खरं हाय.’

‘अगं, खरं आहे, पण इथं नको. तू शेवट असा कर — घरोघरी गोबरगॅस, गावोगावी नंदनवन!’

शालननं केला. सभेत वाचला. टाळ्या पडल्या! आण्णा खूष, गुरुजी खूष. तालुक्याला दुसरा नंबर! बाळाप्पा मागं भिंतीला टेकून उभा होता. त्याला निबंधातलं ओ की ठो कळलं नाही, पण लेकीचं नाव पुकारल्यावर त्यानं डोळे पुसले.

इथवर कुणाचं काय बिघडलं? सांगा की! काही नाही! रेघ मारली आणि गाव सुखी झालं!

दोन महिने गेले. सकाळी दहाचा सुमार. गुरुजी फळ्यावर अपूर्णांक मांडत होते, शालनची जागा रिकामी होती, तोच एक बाई धावत दारात आली. ‘गुरुजी, चला! मळ्यात टाकी उपसत्यात, बाळाप्पा आत पडलाय! आन् तुमची ती शालन... चला आधी!’

गुरुजी निघाले. धोतराचा सोगा हातात, पायात एकच चप्पल. बावन्न वर्षांचा माणूस धावतोय, मंडळी! छाती फुटायला आलीय, आणि डोक्यात दुसरं काही नाही. फक्त तो परिच्छेद! त्यांना तो पाठ होता. खोडायला चार वेळा वाचला होता ना!

मळ्यात पोचले. काय दृश्य! टाकीवरचा लोखंडी ड्रम साखळीनं बाजूला काढून ठेवलेला. दोन पुरुष खोल खड्डा, तळाला गुडघाभर शेणकाला. त्यात बाळाप्पा भिंतीला पाठ लावून बसल्यासारखा पडलेला. डोळे अर्धे उघडे. आणि घशातून आवाज — घर्र... घर्र... अजून श्वास होता!

काठावर बाळाप्पाचा धाकटा भाऊ सिद्राम सदरा काढून उभा. उडी घ्यायच्या बेतात! आणि त्याच्यापुढं हात पसरून शालन!

‘काका, उतरू नगा!’

‘सर बाजूला! तुझा बाप हाय त्यो!’

‘म्हायती हाय! उतरू नगा! तुमीबी पडाल!’

मंडळी, डोळ्यापुढं आणा. बाप खाली तडफडतोय, आणि लेक वाचवणाऱ्याला अडवतेय! गर्दी काय म्हणणार? ‘पोरीला येड लागलं!’ ‘धरा रे तिला!’ एका बाईनं तिचा दंड धरलाच. एकजण म्हणाला, ‘बाप नकोसा झालाय व्हय गं?’ असं बोलतात माणसं! मरणाच्या काठावरसुद्धा जिभेला हाड नसतं!

आणि आण्णा ओरडले, ‘हे बघा, गुरुजी आले! गुरुजी, तुमी सांगा हिला. तुमचंच ऐकंल ती!’

सगळी गर्दी वळली. गुरुजींकडं! शालननंही बघितलं. रडत नव्हती. ओठ पांढरे पडले होते. म्हणाली —

‘गुरुजी, मी बापूला काल सांगितलं हुतं. दोर बांध, आधी वारं सोड म्हणलं. वही दावली. बापूनं लाल रेघ बघितली. म्हणला, हे काय? म्हणलं, गुरुजींनी खोडलंय. तर हसला बापू. म्हणला, गुरुजींनी खोडलंय म्हंजी खोटंच असणार की गं येडे!’

घर्र... घर्र... खालून आवाज.

‘गुरुजी, खोडलेलं खोटं हुतं का?’

आता काय बोलणार हा माणूस? वीस वर्षांची पुण्याई समोर उभी आहे. ‘खरं होतं’ म्हणावं, तर साऱ्या गावाला कळणार की गुरुजींना माहीत होतं! माहीत असून खोडलं! आणि गप्प राहावं, तर सिद्राम उडी घेणार. मग सिद्रामला काढायला तिसरा, तिसऱ्याला काढायला चौथा! किती वेळ घेतला असेल गुरुजींनी? मी सांगतो, एक श्वास. त्यांचा नव्हे! बाळाप्पाचा! खालची घरघर एकदा थांबली. पुढची येईना. येईना... आणि आली!

गुरुजी ओरडले, ‘खरं होतं! अक्षर न् अक्षर खरं होतं! चुकलो मी! मला ठाऊक होतं आणि मी खोडलं! सिद्राम, मागं हो!’

सिद्राम ऐकतो कुठला! भाऊ होता हो पाठचा! त्यानं पाय पुढं टाकला. गुरुजींनी त्याच्या कमरेला मिठी मारली. पंचविशीचा पहिलवान गडी आणि बावन्न वर्षांचा मास्तर! दोघे मातीत पडले. सिद्राम शिव्या देतोय, ढोपरं मारतोय, गुरुजींच्या तोंडातून रक्त आलं, पण हात सुटले नाहीत. ‘मार! मला मार! पण वर राहून मार!’

आणि पडल्या पडल्याच म्हणतात, ‘शालन, सांग! पुढं काय लिहिलं होतंस? सांग सगळ्यांना!’

आणि ती पोर सांगायला लागली. ‘आधी वारं! वारं सोडा आत! बिडी पेटवू नगा कुणी, जाळ हुईल!’ आण्णांच्या कोठारात उफणणीचा पंखा होता, हातानं फिरवायचा. ज्वारीचा भुसा उडवतात तो! चार गड्यांनी उचलून आणला, काठावर तिरका धरला, आणि फिरवायला लागले. अंगातून घाम गळतोय, पंखा गरगर फिरतोय. ‘आता दोर आन् गळ!’ घागर विहिरीत पडली की काढायचा लोखंडी गळ असतो ना, तो लांब वेळूला बांधला. दोर लावला. गुरुजींनी सिद्रामचा हात धरून त्याच्या हातात वेळू दिला. ‘तूच काढ. पण वरून!’

पहिल्यांदा गळ लागला बाहीला. ओढला, तर बाही फाटली! माणूस पुन्हा खाली, आणि या खेपेला हनुवटीपर्यंत शेणकाल्यात! बायकांनी किंकाळी फोडली. दुसऱ्यांदा... हुकला! घरघर आता ऐकू येत नव्हती, पंख्याचा आवाज होता ना. आहे की गेला, कुणाला कळावं? शालन गुडघ्यावर बसून एकच म्हणत होती, ‘बापूच्या कमरंला पट्टा हाय, पट्ट्यात घाला, काका, पट्ट्यात.’ तिसऱ्यांदा सिद्रामनं डोळे पुसले, वेळू खाली सोडला, आणि गळ पट्ट्यात बसला!

‘ओढा!’

सहा माणसं दोराला. आला बाळाप्पा वर! काळा-निळा, शेणानं माखलेला. त्याला मोकळ्या वाऱ्यावर नेलं, तोंड-नाक साफ केलं. छाती हलली. हलली, मंडळी! जीपमध्ये घातलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ‘दुसरा कुणी उतरला नाही ना? मग तुम्ही एकच माणूस आणलात. नाहीतर मी आज रांग मोजली असती.’

तीन दिवस बाळाप्पा शुद्धीवर नव्हता. तीन दिवस गुरुजी दवाखान्याच्या बाकावर बसून. घरून डबा यायचा, तसाच परत जायचा. आता तुम्ही म्हणाल, गुरुजींनी कबूल केलं, माणूस वाचला, झालं की! बोला हरी! नाही, मंडळी. खरा मार पुढंच आहे.

चौथ्या दिवशी बाळाप्पानं डोळे उघडले. गुरुजी पायाशी गेले. हात जोडले. म्हणाले, ‘बाळाप्पा, माझ्यामुळं झालं हे. खरं होतं, तेच मी खोडलं. मी चुकलो.’

बाळाप्पाच्या नाकात नळी. आवाज जेमतेम निघत होता. पण उठायची धडपड करायला लागला. का? गुरुजी उभे आणि आपण झोपलेलो, हे त्याला बघवेना! लेकीकडं बघितलं, हसला, आणि म्हणाला —

‘असं कसं? गुरुजी कधी चुकत्यात व्हय?’

गुरुजींना तिथं रडू कोसळलं. सिद्रामची ढोपरं सोसली होती, गावाच्या नजरा सोसल्या होत्या. हे सोसवेना. मरणाच्या दारातून परत आला, तरी माणसाचा विश्वास जागचा हलला नव्हता! शिवी दिली असती तर सुटले असते. बाळाप्पानं शिवी दिली नाही.

गुरुजी त्याच्या उशाशी बसले. म्हणाले, ‘बाळाप्पा, एक काम कर माझं. म्हण, गुरुजी चुकले. एकदा म्हण. मोठ्यानं म्हण. तू म्हटल्याशिवाय मी वर्गात पाय ठेवणार नाही.’

बाळाप्पा म्हणेना! मान हलवतोय, पण म्हणेना! शेवटी शालननं बापाचा हात हातात घेतला. ‘म्हण की बापू. चुकीचं चुकीचं म्हणायला घाबरायचं न्हाई.’ तेव्हा तो अडखळत, लाजत, एखादं पाप केल्यासारखा म्हणाला, ‘गुरुजी... चुकलं.’ आणि गुरुजींनी त्या माणसाचे पाय धरले.

मंडळी, सुरुवातीला विचारलं होतं, खरं खोडण्याचं पाप लागतं का? आता कुणाची मान हलत नाही! माझीही नाही. मीही खोडतो. समोर कोण बसलंय बघून चार वाक्यं गाळतो. पुढच्या रांगेत सरपंच असले की दारूचा दृष्टांत सोडून देतो. हसू नका! सरपंच, तुम्हीही हसू नका!

आणि तुम्ही? तुम्ही काय पेन घेतलं नाही म्हणून सुटलात? घरात पोर काही सांगायला आली, सून काही बोलायला लागली, की ‘आत्ता नको, पाहुणे आलेत’ — ही रेघ कुणाची? आणि तुमच्या शब्दावर डोळे मिटून चालणारं कुणीतरी आहे. प्रत्येकाच्या घरात एक बाळाप्पा आहे! तो तुम्हाला विचारणार नाही. तो नुसता उतरणार.

आणि सगळ्यात मोठी भीती सांगू? गेला तासभर मी बोलतोय, आणि तुम्ही माना डोलावताय. बुवा म्हणाले म्हणजे खरंच असणार! असं ऐकता तुम्ही मला? नका ऐकू! गजर नंतर करू, देव काही पळून जात नाही. आधी मला विचारा. बुवा, हे कशावरून? बुवा, तुम्ही काय गाळलंत? हे विचारणारा एक जण उभा राहिल्याशिवाय मी आज हार गळ्यात घालणार नाही.

उठा, पहिलं कोण विचारतंय? मी थांबलोय.