ठणठणीत बत्तीस

बायकांच्या दवाखान्यात एक शिक्षिका मांडीवर फाइल पालथी घालून बसली होती. तिच्या शेजारच्या खुर्च्यांवर, एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळणारी बाई आणि तिची थोरली जाऊ बोलत होत्या.

"परत बुरशीच?"

"वर्षातली सहावी खेप, वहिनी. औषध संपलं की आठ दिवसांत हजर."

"भाऊजी काय म्हणतात?"

"बाहेरच्या खोलीत झोपतात. म्हणतात, उंदरांकडून घेऊन आलीस."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"काय सांगू? उंदरांना ती बुरशी आम्हीच लावतो. यंदा बत्तीस माद्यांना आधी लस दिली, मग दोनदा बुरशी लावली. सगळ्या ठणठणीत. एकीलाही परत झाली नाही."

"मग तीच लस तुलाही टोचायला सांग की!"

"माणसांसाठी अजून निघायचीय."

"त्या तरी सुटल्या म्हणायच्या."

"कसल्या सुटल्या? काल मारल्या. मीच पिंजऱ्यातून एकेक काढून दिली. अंगात काय तयार झालं, ते कापल्याशिवाय कळत नाही म्हणे."

"अगं आई! बऱ्या राहिल्या म्हणून मारल्या?"

"हो ना. तुम्ही माझी काळजी नका करू. मी कुठे बरी होतेय?"

जाऊबाई हसायला गेल्या, पण त्यांना हसता आलं नाही. आतून शिक्षिकेचा नंबर पुकारला. तो दुसऱ्यांदा पुकारेपर्यंत ती उठली नाही.