तीन पायांचं यंत्र आन् कोपऱ्याचा दगड

माझा जलम हितलाच. टाकवे गावाच्या वरल्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती, आन् वस्तीच्या वर पठारावर आमचं दोन एकर रान, बापानं दगूड-धोंडं येचून येचून कसलेलं. मी मातुर शेती थोडी केली, मी देहूरोडच्या लष्कराच्या डेपोत गेटवर, तीस वरसं. काय सांगू तुमाला, येनाऱ्या-जानाऱ्याचा डबासुदिक उघडून बघायचा, वळखीचा असला तरी बघायचा, आन् माझ्या पाठीशी लाल अक्षरात पाटी, फोटो काढण्यास सक्त मनाई. रिटायर झालो तरी ती नजर काय रिटायर झाली न्हाई. बायको म्हनती, पावना आला की तुमी आदी त्याच्या पिशवीकडं बघता, मंग तोंडाकडं. तुमचं हे आवाज टिपायचं यंत्र चालू हाय न्हवं? असू द्या, मी आपलं इचारलं.

पर मला उगाच संशय येत न्हाई, त्याला कारन हाय. लय वरसांमागं आमच्या खालच्या शेजाऱ्याचं रान कुनी मुंबईवाल्यानं घेतलं. मी डूटीवर, बाप एकटा रानात, सकाळचं धुकं, आन् तिघं जन आले, तीन पायांचं यंत्र मांडलं, एक डोळा मिटून बघितलं, कागदावर कायतरी लिवलं आन् गेले. महिन्याभरात तारेचं कंपाउंड आलं ते आमच्या रानात चार हात आत, आमची जांभूळ पोटात घिऊन. बाप मरस्तवर त्या तारंतनं जांभळीकडं बघायचा. तवापासून वरल्या अंगाचे हद्दीचे नऊ दगड मी दर पोळ्याला चुन्यानं रंगवतो, आन् रोज उजाडताना जाऊन मोजून येतो. त्यातला कोपऱ्याचा लय महत्त्वाचा, तो हलला की दोनी बाजूंची हद्द हलली.

चार सालांमागं भादव्यात सोनकी फुलली व्हती, सगळं पठार पिवळं. उजाडायच्या आदी वर गेलो तर एक बाई, पुन्याची, पस्तिशीची, रेनकोट घालून, आन् म्होरं काय तर तीन पायांचं यंत्र. मी म्हनलं, कोन तुमी, काय मोजताय? ती म्हनली, मोजत नाही आबा, सूर्योदयाचा फोटो काढतीये. मी म्हनलं, का वो, पुन्यात सूर्य उगवत न्हाई का? ती हसली. गोड हसती त्यांचा तर मला जास्तच संशय येतो. त्या दिशी धुकं आलं ते समोरचं धरनाचं पानीबी दिसंना, ती दोन घंटे बसली, गेली. दुसऱ्या दिशी पुन्ना हजर, पाऊस पडून गेला, ऊन आलं, परत ढग, तिचं यंत्र आपलं उभंच. मी म्हनलं, सूर्य बघायला कुनी एवढं ताटकळतं व्हय?

तिसऱ्या दिशी वारा सुटला व्हता, मानूस उभा ऱ्हाईना. मी दगड मोजत गेलो, एक, दोन, आठ. कोपऱ्याचा न्हाई! आन् बघतो तर तिच्या यंत्राच्या तीन पायांच्या मधी पिशवी लोंबतीय आन् त्यात माझा चुन्याचा दगड. डोकंच फिरलं माझं. पळत गेलो, दोनी हात पसरून कॅमेऱ्याच्या म्होरं उभा ऱ्हायलो. म्हनलं, बास, चार हात गेले तेवढं बास, आता न्हाई जाऊ देनार. आन् नेमकं तवाच माझ्या पाठीमागं धुकं फाटलं वो. ती वराडली, आबा बाजूला व्हा, दोन मिनिटं, पाया पडते. मी हललो न्हाई. मिनिटभर समदं सोन्यावानी झालं आन् परत झाकलं.

ती मटकन खाली बसली, डोळं पुसाया लागली. मी तरी तिची पिशवी तपासली, जुनी सवय. डब्यात पोहे, काच पुसायचं फडकं, नकाशा न्हाई, कागुद न्हाई. ती म्हनली, आबा, वाऱ्यानं कॅमेरा हलत होता, तो दगड सुटा होता म्हणून वजनाला लावला, तो हद्दीचा असतो हे मला माहीत नव्हतं, पण जागा विसरू नये म्हणून खड्ड्यात माझी पाण्याची बाटली ठेवलीये. जाऊन बघितलं तर व्हय, बाटली उभी. ती काढून दगड परत तितंच बसवला. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पर माफी काय मी मागितली न्हाई.

महिन्यानं तिनं फोटो आनून दिला, माझाच. हात पसरून उभा, मागं सूर्य, पायाशी दगडांची रांग. बायकोनं भिंतीला लावला.

म्होरल्या साली आमच्या वरल्या शेजारच्या रानाचाबी मालक बदलला आन् पुन्ना मोजनी आली. त्याचा मानूस म्हनला, कोपऱ्याचा दगड म्हाताऱ्यानं आताच रोवलाय. मी भिंतीवरचा फोटो काढून त्याच्या म्होरं धरला. त्यानं बोट ठेवलं, म्हनला, कुटंय वो दगड? हितं तर बाटली हाय. बापाचं रान माझ्याच हातानं घालवलं म्हनलं.

शेवटी तिला फोन लावला. वाटलं, हिचं मी एवढं नुकसान केलं, कशाला येईल? आली. भर पावसात गाडी घिऊन आली, मोजनीच्या सायबाला म्हनली, दगड मी उचलला होता, लिहून देते. आन् आदल्या दोन दिवसांचे फोटो दाखवले, वाया गेलेले, नुसतं धुकं. पर धुक्याच्या खालच्या अंगाला नऊ दगड, पांढरेधोट, कोपऱ्याचा सगळ्यात म्होरं. सायबानं चष्मा काढून बघितलं, दगड हाय तितंच ऱ्हायले.

मी तिला म्हनलं, पोरी, एवढे खराब फोटो ठिवलेस कशाला? ती म्हनली, मी टाकून देत नाही आबा, काही.

आता भादवा लागला की ती येती, आन् वारा सुटला की यंत्राचे पाय मी धरून बसतो. तिला पायजे तसा सूर्य अजून घावला न्हाई. ती म्हनती, मिळेल. मी म्हनतो, घाई कशाला.

तुमचं मंगल होवो, चांगलं लिवा. आन् तुमची ती पिशवी जरा उघडा बघू. ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. न्हाई, उघडाच.