इंजिन तेच आहे

...आणि वर मलाच म्हणतात, तुला गाडीतलं काय कळतं! नाही कळत, तुम्हाला सांगते, सातवी शिकलेली बाई मी, पण मागे बसायचं तर पाय कुठेतरी टेकवावे लागतात एवढं तर कळतं ना? आमच्या ह्यांनी मोटारसायकल घेतली, शर्यतीत जी पळते ना, तिची स्वस्तातली, रस्त्यावरची बहीण. पुढचं चकचकीत कवच नाही, हँडल सरळ, दिवा डोळे वटारल्यासारखा बाहेर... पण इंजिन तेच आहे. जेवताना, झोपताना, बाळाला खेळवताना एकच, इंजिन तेच आहे. बरं, असू दे. तर ह्यांच्या डोक्यात आलं, शर्यतीच्या गाडीला मागचे फूटरेस्ट नसतात, मग आपण ते वजन फुकट का वाहायचं? घेतला पान्हा, काढले दोन्ही, टाकले माळ्यावर. मागची सीट आधीच बशीएवढी, त्यात उंच चढलेली. सासूबाई म्हणाल्या, सीट लहान नाही, बाळंतपणानंतर तूच सुटलीस.

परवा बाळाला ताप चढला. अंग नुसतं तव्यासारखं, डोळे उघडेना. दवाखाना दुपारी बंद होतो. मी बाळाला टॉवेलात गुंडाळून गाडीपाशी उभी, तर हे म्हणाले, "तू चालत ये, मी पुढे होऊन नंबर लावतो. इंजिन तेच आहे, आत्ता पोचतो." आणि गेले की हो... इकडे चढण, ऊन, चपलेचा अंगठा तुटलेला, बाळाच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघतेय, चालतेय, परत बघतेय...

तिकडे ह्यांचा नंबर लागून गेलासुद्धा. कंपाउंडरने विचारलं पेशंट कुठाय, तर म्हणे मागून येतोय. त्याने आमचा नंबर ढकलला सगळ्यांच्या मागे. मी धापा टाकत पोचले, तेव्हा हे त्यालाच सांगत होते, इंजिन तेच आहे. मला बघून म्हणाले, किती वेळ लावलास, मी केव्हाचा आलोय. डॉक्टर निघायच्या बेतात. बाळाला इंजेक्शन दिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते. आई आहात ना तुम्ही?" मागे उभं राहून मान कोण हलवत होतं, सांगायला नको.

बाळ बरं आहे आता. पण घरी येऊन मी रडले, खोटं कशाला बोलू? आणि ह्यांना खरंच वाईट वाटलं हो. सकाळी पान्हा घेऊन गाडीपाशी बसले. मला वाटलं, बसवताहेत फूटरेस्ट... तर मागची सीटच काढून टाकली. म्हणाले, "रिकामी सीट बघून तुझा जीव जळतो ना, आता नाही जळणार."

तुम्हाला सांगते, खरंच नाही जळत.